धरण कुणाच्या कॅटात

“आता जे सांगतो ते तुमच्यापैकी एकालाही पटणार नाही,” चाकशेठ म्हणाले, आणि पत्त्यांचे चार कॅट त्यांनी टेबलाच्या चार बाजूंना इतक्या अलगद ठेवले, की जणू धक्का लागला तर उडून जातील. “पण खरं ते खरं. या महिन्याचे कॅट यंत्रानं तीनदा परत पाठवले. चौथ्यांदा फिरवले तेव्हा सुई अशी काही जागच्या जागी उभी राहिली, की मी बोट लावून बघितलं. म्हटलं, मेली की काय.”

“तुमच्या यंत्राला सुई नाहीये,” मास्तर म्हणाले. “लाल आकडे आहेत. माझी गाडी आणली होती तेव्हा मी स्वतः बघितलेत.”

“तुमच्या गाडीला आकडे. पत्त्यांना सुई.”

सिस्टर चहाच्या कपात हसल्या. चहा नाकात गेला, म्हणून मग खोकल्या. वहिनींनी मात्र आपल्यासमोरचा कॅट उचलला आणि अंगठ्यानं त्याची कड एकदा वरून खाली चाळून पाहिली.

ही चौकडी गल्लीला पाठ होती. चाकशेठ म्हणजे कोपऱ्यावरच्या टायरच्या दुकानाचे मालक, नोकर आणि हमाल. चाक यंत्रावर चढवायचं, गरगर फिरवायचं, यंत्र सांगेल तिथे शिशाचा तुकडा ठोकायचा, की गाडी रस्त्यावर थरथरायची थांबते, हा त्यांचा धंदा. थापा मारणं हा जोडधंदा. त्यांच्या दुकानातून एकदा एक टायर निसटून उतारावरून गेला तो तीन दिवसांनी हवा भरून घ्यायला आपणहून परत आला, ही त्यांतली सर्वांत साधी थाप. मास्तर शाळेतले नव्हेत, शिंपी. खांद्यावर टेप, ओठांत टाचणी, आणि टाचणी काढली की तोंडात तक्रार. सिस्टर वरच्या मजल्यावर राहत आणि इस्पितळात हाडांच्या वॉर्डात काम करत. आणि वहिनी म्हणजे चाकशेठांची बायको; पण वहिनी साऱ्या गल्लीच्या.

आठवड्यातून दोन संध्याकाळी ही चौघं वहिनींच्या टेबलाशी बसून ‘वणवा’ खेळत. या खेळात एकमेकांना हरवायचं नसतं. मधोमध आगीची पानं उपडी ठेवलेली असतात. दर फेरीला त्यातलं एक उलटायचं, की आग वस्तीकडे सरकते. चौघांनी आपापल्या कॅटातली पानं टाकून तिला थोपवायचं. आग विझली तर चौघं जिंकली, वस्तीला लागली तर चौघं मेली. एकाची दिवाळखोरी आणि दुसऱ्याची चैन असला प्रकार नाही. हातातलं पान दुसऱ्याला दाखवायचं नाही, तोंडानं मात्र हवं ते सांगा, विचारा, भांडा.

गंमत अशी की बहुतेक पानं एकेकटी कवडीमोल. बादली घ्या. विहिरीशिवाय ती वाजवायला तेवढी बरी. मास्तरांकडे विहीर असेल, सिस्टरांकडे बादली असेल, आणि तिसऱ्या कुणाकडे दोर असेल, तर त्या तिघांचं मिळून घोटभर पाणी आगीवर पडतं. नुसता दोर तर कुणालाच नको असे. त्याच्यानं काही विझत नाही, तो फक्त ह्याचं त्याला जोडतो.

एकट्याच्या बळावर आग मागे हटवतील अशी पानं अख्ख्या डब्यात तीन: पंप, उलटा वारा आणि धरण. धरण सगळ्यांत जबर. त्याचा एक कोपरा कुरतडलेला होता. चाकशेठांच्या लेकीला दात येत होते तेव्हा तिनं तेवढंच पान निवडून चावलं होतं. पोरीला तेव्हापासून भारी वस्तूची पारख, असं चाकशेठ म्हणत. ती पोर आता दुसऱ्या गावी स्वतःच्या पोरांना चावू नका म्हणून सांगत होती.

डबा एकच, बिस्किटांचा. त्यातूनच चौघांचे चार कॅट बांधायचे, आणि महिना झाला की मोडून पुन्हा नव्यानं बांधायचे, म्हणजे कुणी जन्मभर बादल्याच वाहिल्या असं व्हायला नको. आणि बांधायचे असे की कुणाचाही कॅट ओझं होऊ नये आणि कुणाचाही मिरवू नये. ज्याला धरण, त्याला बाकीची पानं हलकी. ज्याला तिन्ही जबर पानांतलं एकही नाही, त्याला दोर जास्त, म्हणजे निदान बोलायला तरी त्याची गरज लागेल. हे काम सुरुवातीला चौघं मिळून करत. त्यात इतकी भांडणं झाली की वणवा खेळायची वेळच येईना, तो आधीच पेटलेला असे. शेवटी एकदा चाकशेठांनी डबा काखोटीला मारला, दुकानात नेला, आणि दुसऱ्या दिवशी येऊन छातीठोकपणे सांगितलं, की मी चारही कॅट यंत्रावर चढवून फिरवले, आता एका पानाचाही फरक नाही. ज्याला शंका असेल त्यानं यंत्राशी बोलावं.

तेव्हापासून घरात कायदाच झाला. मास्तरांनी तोंडातून टाचणी काढली, की चाकशेठ म्हणत, “यंत्रानं सांगितलंय.” मास्तर टाचणी परत तोंडात घालत. थाप आहे हे तिघांनाही माहीत होतं. पण भांडणापेक्षा थाप स्वस्त पडत होती.

वहिनींनी तर नवऱ्याची एकही थाप चारचौघांत कधी उसवली नव्हती. त्यांची नोकरीच तशी होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून, समोरच्या फळीवरच्या भोकांत दोऱ्या खुपसून, ह्याचा आवाज त्याला जोडून देण्यात त्यांची उमर गेली होती. गावातल्या कोणाचं कोणाशी काय, हे त्यांच्या कानावरून जायचं आणि तिथेच संपायचं. “ऐकलेलं बोलायचं नसतं,” एवढंच त्या म्हणत. टायर उतार चढून परत आला हे चाकशेठ नव्या पाहुण्याला सांगत, तेव्हा वहिनी पाहुण्याला साखर किती म्हणून विचारत.

पण वणव्याच्या टेबलाशी त्या वेगळ्याच होत. कोण काय म्हणालं, कोणाकडे काय उरलं, सगळं त्यांच्या डोक्यात फळीसारखं मांडलेलं. आग वस्तीच्या दारात आलेली असे, मास्तर हाय खात असत, आणि वहिनी शांतपणे म्हणत, “थांबा, जोडून देते. सिस्टर, तुमची बादली काढा. मास्तर, मघाशी विहीर आहे म्हणालात, ती टाका. दोर माझा.” आणि पाणी पडे. एवढ्याशा दोराच्या पानावर त्या अख्खी वस्ती वाचवत. जिंकल्यावर त्यांचा चेहरा असा काही उजळे, की चाकशेठ मुद्दाम आपलं पान दाबून ठेवत आणि आग आणखी दोन घरं पुढे येऊ देत.

गेल्या थंडीत एकदा त्या म्हणाल्या, “मास्तर, विहीर टाका.”

“विहीर मागच्याच फेरीला टाकली की वहिनी,” मास्तर म्हणाले.

“हो का,” वहिनी म्हणाल्या. मग पुढच्या फेरीला, “मास्तर, तुमची विहीर?”

मास्तर हसायला गेले; पण सिस्टरांनी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला, तेव्हा थांबले. वस्ती जळली. वस्ती काय, आधीही अनेकदा जळली होती. पण त्या दिवशी वहिनींनी कप विसळताना पाठमोऱ्याच सांगितलं, “एक ऐकून ठेवा. ज्या दिवशी मला ओढत न्यायची वेळ येईल, त्या दिवशी मी माझी खुर्ची मोकळी करीन. मागून बोलत बसायचं नाही.”

“काहीतरीच,” चाकशेठ म्हणाले. “मास्तर स्वतःच्या मापाचा सदरा विसरतात. तू एक विहीर विसरलीस.”

“मी सांगितलं ते ऐकलंत ना?”

चाकशेठांनी ऐकलं होतं. ही बाई नुसती बोलणारी नव्हती. एक्स्चेंजमध्ये असताना त्यांचा उजवा कान जरासा मंद झाला होता. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. एकदा त्यांनी एकाचा फोन चुकून भलत्याच घरी जोडला. नुकसान काहीच झालं नाही. उलट त्या दोन घरांनी तासभर गप्पा मारल्या, आणि पुढे सोयरीकही झाली म्हणे, अर्थात हे चाकशेठांचं म्हणणं. पण वहिनींनी एक्स्चेंजचं कानावरचं यंत्र काढून खुंटीला अडकवलं, फडकं घेऊन आपली खुर्ची पुसली, आणि घरी आल्या त्या पुन्हा गेल्या नाहीत. साहेब दोनदा येऊन गेले. साहेबांनाही साखर किती म्हणून विचारलं गेलं.

आता त्या दिवसभरात बऱ्याच गोष्टी विसरत. दूध तापत ठेवलेलं, चावी कुठे ठेवली ते, कधी लेकीच्या धाकट्याचं नाव. पण आठवड्यातल्या त्या दोन संध्याकाळी त्या केस नीट विंचरून, टेबल पुसून, सगळ्यांच्या आधी बसलेल्या असत. ती खुर्ची गेली, तर बाकी आठवड्याला धरायला काय उरेल, हे चाकशेठांना कळत नव्हतं. म्हणून त्यांनी जे केलं ते केलं.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते पान्या-पकडींच्या फळीवर पत्त्यांचा डबा उपडा करत. दुसऱ्याचं लक्षात ठेवावं लागेल अशी पानं वहिनींच्या कॅटातून एकेक करून काढून घेत. दोर गेले. सगळे दोर त्यांनी स्वतःच्या कॅटात लपवले. त्यांच्या जागी एकट्यानं चालणारी पानं: आधी धरण, तेही कायमचंच, मग उलटा वारा, पुढच्या महिन्यात पंपही. कुणाला विचारायला नको, कुणाचं लक्षात ठेवायला नको. पान आलं, टाकलं, आग मागे. चाकशेठ स्वतःवर इतके खूश झाले, की त्यांनी खरोखरच एकदा तो कॅट यंत्रावर ठेवून बघितला. यंत्रानं काही म्हटलं नाही. पत्ते मात्र दुकानभर उडाले.

अशाच एका दुपारी पत्ते मांडलेले असताना सिस्टर आल्या, सायकलच्या चाकात हवा भरायला.

“दादा, हे काय?” त्यांनी फळीवर नजर टाकली. “जड पानं सगळी एकाच ढिगात?”

“यंत्रानं...”

“यंत्रावर तुमचा जेवणाचा डबा ठेवलाय. मला सांगताय?”

चाकशेठ खाली वाकून हवेची नळी शोधू लागले. नळी त्यांच्या हातातच होती.

“कधीपासून?” सिस्टरांनी विचारलं.

“थंडीपासून. जिंकतेय ना ती? झालं तर मग.”

“जिंकतात. पण हल्ली बोलत नाहीत. तुमच्या लक्षात आलंय का? मागच्या खेपेला सबंध डावात ‘साखर किती’ एवढंच बोलल्या.” सिस्टर सायकलला टेकून उभ्या राहिल्या. “आमच्या वॉर्डात ज्याला पाऊल टाकता येतंय त्याला आम्ही उचलत नाही. हात पुढे धरतो. धरायचा की नाही ते तो बघतो.”

“आणि पडला तर?”

“पडतो कधीकधी. शिव्या देतो. मग परत उठतो.”

“ही शिव्या देणार नाही, सिस्टर. ही खुर्ची पुसून उठेल. तुम्ही तिला माझ्याइतकं ओळखत नाही.”

“तेही खरं,” सिस्टर म्हणाल्या. “मी काही बोलणार नाही. पण मला साथ द्यायला सांगू नका. मला हसू येतं.”

त्या गेल्यावर चाकशेठांनी एक चाक यंत्रावर चढवलं आणि एकाच जागी चार तुकडे ठोकून बसले. चाक असं हादरलं की फळीवरचे लोखंडी पाने खाली पडले. एका बाजूला शिसं वाढवलं की चाक सुधारत नाही, बिघडतं, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आले होते. त्यांनी तुकडे उपटून काढले. धरण मात्र आहे त्याच ढिगात राहू दिलं.

तर तोच कॅट आता वहिनींच्या हातात होता, आणि सिस्टरांचं खोकणं थांबलं होतं.

डाव सुरू झाला. पहिल्या फेरीला आग दोन घरं पुढे आली. वहिनींनी उलटा वारा टाकला. आग होती तिथे परत गेली. मास्तर म्हणाले, “माझ्याकडे विहीर आहे, कुणाकडे दोर असेल तर...” चाकशेठ छताकडे बघू लागले. पुढची आग आली. वहिनींनी पंप टाकला. मास्तर पुन्हा म्हणाले, “विहीर आहे हो माझ्याकडे. मोठी आहे.” चाकशेठ हातातले पत्ते पुन्हा पुन्हा लावू लागले. मग आगीचं सर्वांत वाईट पान उलटलं. एरवी त्यावर अर्धा तास खल झाला असता. वहिनींनी धरण ठेवलं. वणवा विझला.

सिस्टरांनी आगीची पानं गोळा केली.

“झालं?” मास्तर म्हणाले. टाचणी कधीच बाहेर आली होती. “मी एक पान टाकलं नाही. सिस्टरांनीही नाही. मी आलो कशाला मग? चहा माझ्याकडेही होतो.” आणि त्यांनी आपले पत्ते टेबलावर असे आदळले की कप कलंडला आणि चहा टेबलभर पसरला.

वहिनी उठल्या. त्यांनी आतून फडकं आणलं.

ते फडकं बघितलं मात्र, चाकशेठांना एक्स्चेंजमधली पुसलेली खुर्ची आठवली. वहिनी टेबल आणि खुर्ची यांच्या मध्ये उभ्या होत्या. फडकं कुठे जाणार, हे अजून ठरायचं होतं. आणि घाबरला की थापाड्या माणूस जे करतो, तेच चाकशेठांनी केलं. ते सुटले.

“मास्तर, तुम्ही उगाच चिडताय. त्याचं काय झालं, या महिन्यात हवा दमट. दमट हवेत पान फुगतं. यंत्रानं मला स्पष्ट सांगितलं, की वहिनींचा हात हलका आहे, तिथे जड पान लागेल, नाहीतर टेबलच त्या बाजूनं वर उचललं जाईल. मी म्हटलं, अरे, मास्तर काय म्हणतील? तर यंत्र म्हणतंय, मास्तरांच्या खिशात कात्री असते, त्यांना वेगळं वजन कशाला? मी दोन तास वाद घातला. धरण तुमच्या कॅटात ठेवून बघितलं, तर यंत्र थांबेचना. पट्टा तापला. धूर निघाला. समोरचा बेकरीवाला पाणी घेऊन धावला, विचारा त्याला. शेवटी मीच हात जोडले. म्हटलं, घे बाबा, जिथे ठेवायचं तिथे ठेव, आणि धरण आपोआप, मी हातही लावला नाही, आपोआप सरकत...”

वहिनींनी टेबल पुसलं. सगळा चहा टिपला, मास्तरांच्या पत्त्यांखालचासुद्धा, एकेक पान उचलून. फडकं घडी करून बाजूला ठेवलं. मग त्या आपल्या खुर्चीत बसल्या, धरण हातात घेतलं, आणि त्याच्या कुरतडलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

“खोटं,” त्या म्हणाल्या.

साऱ्या संसारात हा शब्द चाकशेठांनी बायकोच्या तोंडून चारचौघांत ऐकला नव्हता.

“माझ्या पोरीचे दात आहेत यावर. हे पान बोटाला लागलं की मला कळतं. थंडीपासून दर महिन्याला हे माझ्याच हातात येतंय. खोटं बोलताय तुम्ही.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “मी विसरीन. मग विचारीन. या खेळात विचारायला बंदी आहे का, मास्तर?”

“नाही बुवा,” मास्तर हळूच म्हणाले.

वहिनींनी धरण त्यांच्यापुढे सरकवलं. पंप सिस्टरांपुढे. मग त्यांनी नवऱ्यासमोर आपला रिकामा हात पसरला, तळवा वर करून.

“दोर द्या.”

चाकशेठ मान खाली घालून आपल्या कॅटात दोर शोधू लागले. तिथे दोरच दोर होते, आणि तरी त्यांना एकही लवकर सापडेना. वहिनींचा हात तसाच टेबलावर होता.